गॅरंटीची जोडी

गयासोद्दीन शेख बदनापूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली मलमपट्टी करणारे, होते. डॉक्टर येत, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जात, गयासोद्दीन तिथंच. अडलेली गाय सोडवावी तर त्यांनीच, असा त्यांच्या हाताचा लौकिक. लोक दवाखान्यात आले की डॉक्टरसाहेबांच्या आधी ‘गयासचाचा हायेत का’ म्हणून विचारायचे. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत माणूस वाळला. दिवसभर घरात बसून बायकोच्या, अकबरबीच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागला. तेव्हा औरंगाबादला दिलेली त्यांची लेक कशफ हिनं एका ईदेला पिंजऱ्यात घालून दोन पाखरं आणली.

"अब्बा, इनके सात बातां करो," ती म्हणाली, "अम्मी का सर नक्को खाओ."

पाखरं पोपटाच्या जातीची, पण पोपटाहून लहान. राखी अंग, डोक्यावर तुरा, गालावर शेंदराचं बोट टेकवल्यासारखा ठिपका. नाव कॉकाटील, बदनापूरनं त्याचं कॉकटेल करून टाकलं. चार वर्षांत दोनाची चौदा झाली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला जाळी लागली, पिल्लं विकत न्यायला गिऱ्हाइकं यायला लागली आणि चाचांना पुन्हा काम मिळालं.

त्यांनी यातलं कुठलं पुस्तक वाचलं नाही. जनावरं पाहिली तशीच पाखरं पाहिली, स्टूल टाकून, तासन्‌तास. राखी पाखरू वयात आलं की नराचं तोंड हळद लावल्यासारखं पिवळंधमक होतं, मादीचं धुरकटच राहतं आणि तिच्या शेपटीला आतल्या अंगानं पट्टे असतात. नर बोलका. शिट्ट्या मारील, चोचीनं डबा वाजवील, खांदे जरासे उचलून मादीपुढं मिरवील. मादी आपली गप्प. फारच झालं तर फिस्सकन अंगावर येईल. अंडी मात्र दोघं मिळून उबवतात, दिवसा नर बसतो, रात्री मादी. हे सगळं मोठ्या पाखरांचं. पिल्लं सगळी मादीसारखीच दिसतात. पहिली पिसं झडून नवी येईस्तोवर कोण काय ते अल्लालाच ठाऊक. त्यातून पांढऱ्या जातीचं पाखरू असलं तर ते मोठेपणीही तोंडाच्या रंगावरून ओळखू येत नाही. कुणी विचारलं की चाचा एवढंच म्हणायचे, "कळंल तवा सांगतो. अंदाजानं सांगत न्हाई."

काकासाहेबांनी ऐकून घेतलं नाही ते हेच.

काकासाहेब म्हणजे बदनापुरातली मोठी असामी. मोसंबीची बाग, दोन विहिरी, एके काळी पंचायत समितीवर निवडून आलेले. त्यांची आणि चाचांची गाठ पडली ती चाळीस वर्षांपूर्वी, एका गाईपायी. वासरू आडवं आलेलं, डॉक्टर जालन्याला मीटिंगला गेलेले. तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले गयासोद्दीन सायकल हाणत मळ्यात गेले, खांद्यापर्यंत हात घालून वासरू आतल्या आत फिरवलं आणि गाय-वासरू दोन्ही वाचवली. त्या दिवसापासून ईदेचा शीरखुर्मा पहिल्यांदा काकासाहेबांकडं जायचा आणि दिवाळीचा फराळ चाचांकडं यायचा. रोज संध्याकाळी पाचला स्टेशनसमोर अंगदच्या हॉटेलात दोघांचा चहा. त्यांच्या बाकड्यावर अंगद दुसऱ्या कुणाला बसू देत नसे.

दोन वर्षांपूर्वी काकासाहेबांच्या नातीचा, आकांक्षाचा दहावा वाढदिवस आला. तिनं चाचांच्या गच्चीवर पांढरी पिल्लं पाहिली होती आणि घरी हट्ट धरला होता. काकासाहेब स्वतः आले, सोबत सून मीना, आकांक्षाची आई.

"गयास, पांढरी जोडी दे पोरीला. एक नर, एक मादी."

"पिल्लं घेऊन जावा," चाचा म्हणाले, "पर जोडी म्हणून देत न्हाई, काकासाहेब. तीन महिन्याची हायेत. नर कोण, मादी कोण, ते मलाच ठाऊक न्हाई. वर्षभर थांबा, बराबर जोडी लावून देतो."

"वाढदिवस वर्षभर थांबतो का?" काकासाहेब हसले. "आन् तुझ्या हाताला न कळणारी गोष्ट हाय का रे जगात? गाईच्या पोटात हात घालून सांगत होतास तू, गोऱ्हा हाय का कालवड!"

चाचा सुखावले. आपलं पहिलं चुकलं ते तिथं, असं पुढं त्यांना कितीदा तरी वाटलं. त्यांनी त्यातल्या त्यात तरतरीत दोन पिल्लं निवडली, नव्या पिंजऱ्यात घातली, बाजरी-राळ्याची पिशवी बांधून दिली. मीना दारात उभी राहून सगळं पाहत होती.

दुसरं चुकलं ते वाढदिवसाच्या मांडवात. केक कापून झाल्यावर काकासाहेबांनी माईक हातात घेतला. "ही आमच्या गयासनं दिलेली अस्सल जोडी. राजा आन् राणी. गॅरंटीची!" पुढच्या खुर्चीवर त्यांचे परतूरचे व्याही बसले होते, काकासाहेबांची लेक राजनंदिनी त्यांच्या घरी दिलेली. "व्याहीबुवा, पहिली पिल्लं तुमच्या घरी. शब्द दिला!" टाळ्या पडल्या. लोकांनी वळून चाचांकडं पाहिलं. त्या क्षणी उठून ‘गॅरंटी नाही’ म्हणायला हवं होतं. पण भरल्या मांडवात मित्राला खोटं कसं पाडावं? चाचा हसले. त्यांचं ते हसणं सगळ्यांनी पाहिलं.

सात-आठ महिने गेले. आकांक्षा एका रविवारी पिंजरा घेऊन गच्चीवर आली. एकाचं नख वाढलं होतं, ते कापायचं होतं.

"राजा शिट्टी मारतो का गं?" चाचांनी विचारलं.

"न्हाई ना चाचा. दोघं पण नुसतीच ओरडतात. तुमचा तो राखी कसा गाणं म्हणतो, तसं कुणीच म्हणत न्हाई."

चाचांनी दोन्ही पाखरं एकेक करून उन्हात धरली, शेपटी पसरून खालून पाहिली. पिसं नवी आली होती. पांढऱ्यावर फिकट पिवळे पट्टे दोघांच्याही शेपटीला तसेच होते, उजेडाशिवाय दिसू नयेत असे. आता शंका राहिली नाही.

त्याच संध्याकाळी हॉटेलात त्यांनी सांगून टाकलं. "काकासाहेब, दोन्ही माद्या निघाल्या. एक मला परत द्या, मी पक्का नर देतो."

"मी सोता डोळ्यानं पाह्यलंय, राजा राणीवर चढून राह्यला."

"दोन माद्या असल्या तरी तसं करतात."

यावर काकासाहेब इतके हसले की चहा बशीतून सांडला. "अंगद, ऐकलं का? काय म्हणून राह्यला बघ गयास! माद्या माद्याच, म्हणं!" अंगदही हसला. चाचाही हसले. विषय तिथंच संपला.

मार्चमध्ये पाखरांनी अंडी घातली. काकासाहेब हॉटेलात शिरले तेच बोटं वर करून. "नऊ! नऊ अंडी, गयास!"

चाचांनी मनातल्या मनात हिशेब केला. एक मादी घालून घालून चार-पाच घालते, फार तर सहा. नऊ म्हणजे दोघींची. त्यांनी बाहेर पडल्यावर काकासाहेबांना बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, दोन्ही माद्याच आहेत, हवं तर आठव्या दिवशी अंड्याखाली मोबाइलची बॅटरी धरून पाहा, जीव असला तर लाल शिरा दिसतील. काकासाहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी परतूरला फोन केव्हाच करून टाकला होता.

महिना उलटला. परतूरचे व्याही हौसेनं नवा पिंजरा घेऊनच आले. दोन्ही पाखरं पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या पेटीत शेजारी शेजारी दाबून बसलेली, आणि पिल्लू एकही नाही. काकासाहेबांनी चिडून एक अंडं फोडलं. आत नुसता पिवळा बलक. व्याही हसून म्हणाले, "पंचायत समिती चालवली तुमी, आन् नर-मादी कळंना व्हय?"

पाच वाजता काकासाहेब व्याह्यांना घेऊनच हॉटेलात आले. चाचा बाकड्यावर सरकले. काकासाहेब बसले नाहीत.

"फसवलंस ना मला?"

चाचांना थट्टा वाटली. "काय झालं, काकासाहेब?"

"दोन माद्या दिल्यास. चांगली जोडी ठिवली गिऱ्हाइकाला, आन् मला खपवलं उरलंसुरलं."

"मी तवाच सांगितल्तं. जोडी म्हणून देत न्हाई म्हणून. मंग पिसं झडल्यावर पुन्हा सांगितलं, एक परत द्या..."

"कवा सांगितलं? कुणापुढं?" काकासाहेबांचा आवाज चढला. ते बोलत होते चाचांशी, पाहत होते व्याह्यांकडं. "मांडवात तर दात काढून हसत होतास. चाळीस वर्षं घरात घेतलं तुला. ताटाला ताट लावून जेवलो. पर शेवटी तुमी लोक तुमच्या वळणावरच जाणार."

हॉटेलात पंधरा-वीस माणसं असतील. सगळी चाचांच्या ओळखीची. कुणाची म्हैस त्यांनी वाचवलेली, कुणाच्या बैलाचं शिंग बांधलेलं.

"कोण लोक?" चाचांनी विचारलं.

काकासाहेब व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले होते. चाचांनी अंगदकडं पाहिलं. ‘माद्या माद्याच’ ऐकून जो हसला होता, तो अंगद. त्याला सगळं माहीत होतं. अंगद शेगडीकडं वळला आणि उकळत्या चहात उगाचच साखर टाकत राहिला.

घरी आल्यावर चाचांनी अकबरबीला सांगितलं. ती काकासाहेबांची बाजू घ्यायला गेली. "गुस्से में बोले होंगे उनो."

"गुस्से में वोइच निकलता जो अंदर रहता," चाचा म्हणाले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते गच्चीवर बसून जुनं जुनं उकरत राहिले. चाळीस वर्षांत काकासाहेब त्यांना ‘अरे गयास’ म्हणत आले आणि ते काकासाहेबांना ‘अहो’. वयानं चाचाच दोन वर्षांनी मोठे. हे कधी खटकलं नव्हतं. आता ते खटकलं, आणि एक खटकलं की दहा खटकायला लागतात. काकासाहेबांच्या घरी त्यांचा चहा नेहमी काचेच्या ग्लासात यायचा, बाकीच्यांचा कपात. गयासला ग्लासातला आवडतो, असं काकासाहेबच म्हणायचे. आपल्याला खरंच ग्लासातला आवडतो की म्हणून म्हणून आवडायला लागला, हे चाचांना आठवेना.

गावात बोलणं पसरायला वेळ लागला नाही. जाफराबादच्या एका मास्तरांनी सांगून ठेवलेली जोडी नको म्हणून कळवलं. चाचांनी अंगदच्या हॉटेलात जाणं सोडलं. अंगद एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, "चाचा, येत जावा ना. धंदा हाय माझा, मी कुणाच्या मधी बोलणार?" चाचा म्हणाले, "बराबर हाय."

जून महिन्यात एका दुपारी मीना आली. स्कूटीच्या पुढच्या जागेत टॉवेल टाकलेली टोपली. टोपलीत राणी, अंग फुगवून तळाशी बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, दर श्वासाला शेपटी खालीवर हलत होती.

"कवापासून?" चाचांनी विचारलं.

"सकाळपासून. तिसऱ्यांदा अंड्यावर आल्यात दोघी. पेटी तशीच लावलेली हाय."

अंडं अडलं होतं. चाचांनी पुढं काही विचारलं नाही. अकबरबीला पाणी गरम करायला लावलं, खोक्यात ओल्या फडक्याची वाफ आणि वर जुना पिवळा बल्ब. कॅल्शियमचं औषध ड्रॉपरनं थेंब थेंब चोचीत सोडलं, खोबरेल बोटावर घेऊन हलकेच शेपटीखाली लावलं. पोट दाबलं नाही. गाईचं वासरू ओढता येतं. एवढ्याशा पाखराचं अंडं पोटात फुटलं तर संपलंच. मग खोक्यावर चादर टाकली आणि दोघं बाहेर बसले.

मीना रिकाम्या टोपलीतल्या टॉवेलाची घडी घालत होती. मग म्हणाली, "चाचा, मी ऐकल्तं त्या दिवशी. तुमी ‘जोडी म्हणून देत न्हाई’ म्हणाल्ते. मी दारातच उभी होते."

"मंग घरी बोलल्या का न्हाई?"

"बोलले. बाबांना एकट्याला गाठून बोलले. ते म्हणले, मला काय आठवत न्हाई व्हय? सगळं आठवतंय. पर आता व्याह्यांसमोर माघार घेऊ का मी? गयास आपलाच हाय, समजून घील."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं. इतके दिवस ते आपल्या मनाची समजूत घालत होते की काकासाहेब विसरले असतील, वय झालं, कानात एक शिरलं आणि डोक्यात दुसरं. तेवढाच एक आधार होता.

"म्हणजे ठाऊक होतं त्यांना," ते म्हणाले.

"हो."

ऊन उतरता उतरता अंडं पडलं. कवच नव्हतंच, पातळ कातड्यासारखं काहीतरी, बोट लावलं तर दबेल असं. राणी तुरा खाली पाडून धापा टाकत होती, पण डोळे उघडले होते तिनं.

"आज जाऊन पेटी काढा," चाचा म्हणाले. "अंडी घालायला जागाच दिसू देऊ नका. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा टांगा, चोचीनं खरवडून खातील, कवचाला चुना मिळंल. सांज झाली की वरून कापड टाका. दोघींना सहा महिने आराम पायजे. पुन्हा अंड्यावर आली तर ही वाचत न्हाई."

मीना म्हणाली, "बाबा पेटी काढू देत न्हाईत. औरंगाबादच्या दुकानातनं नर मागवलाय. व्याह्यांना पिल्लं दाखवल्याबिगर त्यांचं मन भरणार न्हाई."

"मंग तुमी सांगा त्यांना."

"काय म्हणून सांगू? तुमचं नाव घेतलं तर इथं आल्ते ते कळंल. आन् माझ्या नावानं सांगितलेलं कोण ऐकतंय त्या घरात?" ती उठली, टोपली टॉवेलनं झाकली. "मी आल्ते हे कुणाला बोलू नका, चाचा."

जिन्यावरून उतरताना ती टोपली पोटाशी धरून उतरली. अकबरबी दारातून म्हणाली, "चाय तो पीके जाती." ती थांबली नाही.

पुढच्या महिन्यात शाळेच्या रस्त्यावर आकांक्षा दिसली. ती बदललेली वाटली, जरा लांबूनच उभी राहिली. "राणी मेली, चाचा. नवीन नर आणला ना, मंग तिनं परत अंडी घातली. चार घातली आन् मेली." तिनं दप्तराचा पट्टा सरळ केला. "आजोबा म्हणले तुमच्याकडं यायचं न्हाई. म्हणून मी येत न्हाई."

"शहाणी हायेस," चाचा म्हणाले. "ऐकावं मोठ्यांचं."

ती गेल्यावर चाचा घराकडं वळले. एका पाखराला वाचवायला जे लागत होतं, ते सगळं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी सांगितलंही होतं. सांगणाऱ्याचं नावच चालत नव्हतं.

डिसेंबरात काकासाहेब आले. स्वतः आले, कल्याण नावाच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन. जिना चढून गच्चीवर आले, स्टुलावर बसले, जणू कालच उठून गेले होते.

"किती दिवस धरून बसणार, गयास? झालं गेलं जाऊ दे."

चाचा जाळीतल्या वाट्या धूत होते. धूत राहिले.

"व्याही होते समोर. माणसाच्या तोंडातनं जातं एखाद वेळी."

"तुमी लोक म्हणालात, काकासाहेब."

"अरे, तुझ्याबद्दल न्हाई म्हणालो ते!" काकासाहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ते पुढं वाकले, चाचांच्या ओल्या मनगटाला धरलं. "तू माझा भाऊ हायेस. ते तुमच्यातल्या बाकीच्यांबद्दल. तुला कसं म्हणंन मी?"

चाचांना काही तरी बोलायचं होतं. अकबरबीबद्दल विचारायचं होतं, कशफबद्दल विचारायचं होतं, त्या बाकीच्यांत आहेत की नाहीत म्हणून. पण समोरचा माणूस मनापासून माफी मागतोय अशा समजुतीनं बसला होता. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी दिसलं नसतं. शिवीपेक्षा हे जड होतं.

"लग्नाला येणार ना?"

"येतो," चाचा म्हणाले.

अकबरबीनं दोन कप चहा आणला. काकासाहेब मोसंबीच्या भावावर बोलले, गुडघ्यावर बोलले, आणि समाधानानं खाली उतरले. पाखरांविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

लग्न जालना रस्त्यावरच्या एका मोठ्या लॉनवर होतं. चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून गेले. मीना बायकांच्या गर्दीत होती. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अंगदनं मात्र धावत येऊन खुर्ची दिली, सगळं ठीक झालं याचा त्यालाच सगळ्यात जास्त आनंद झालेला. काकासाहेबांनी लांबून पाहिलं, हात उंचावून हाक मारली, सगळ्यांदेखत मिठी मारली आणि हाताला धरून स्टेजकडं नेलं. तिथं जालन्याचे कुणी पुढारी होते, परतूरचे व्याही होते. काकासाहेबांचा हात चाचांच्या खांद्यावर होता.

"हे आमचे गयासभाई," ते पहिल्यांदाच ‘भाई’ लावून, मोठ्या अभिमानानं म्हणाले. "चाळीस वर्षांचे घरचे संबंध. अशी माणसं न्हाई राह्यली आता त्यांच्यात."

पुढाऱ्यांनी मान डोलावली. व्याह्यांनी हात जोडले. फोटोवाला म्हणाला, "चाचा, जरा इकडं बघा, हसा थोडं."

चाचा हसले.

पंगतीत त्यांनी दोन घास खाल्ले, पान झाकून उठले आणि रस्त्यावर येऊन शेअर रिक्षाची वाट पाहत उभे राहिले. घरी अकबरबी तांदूळ निवडत बसली होती.

"कैसा हुआ?" तिनं विचारलं.

"खाना अच्छा था," चाचा म्हणाले, आणि कुर्ता काढून खुंटीला लावला.